पडताळणी

लोखंडी वजनाच्या पोटाखाली एक भोक असतं.
त्यात ओतलेलं शिसं, शिशावर आमचा शिक्का.
उपडं केल्याशिवाय दिसत नाही.
सव्वीस वर्षं मी वजनं उपडी करतोय,
मशीद बंदर, भात बाजार, डोंगरी, माझगाव.
वजनमाप निरीक्षक, अलीशा शमुवेल उजागरे.

लोकांना वाटतं, वजन चोरीनं हलकं होतं.
तसं क्वचित.
वजन झिजतं. रोज उचलण्यानं, रोज ठेवण्यानं,
ओल्या हातानं, गिऱ्हाइकाच्या घाईनं.
दोन वर्षांत सात-आठ ग्रॅम,
कुणीही काही न करता.

मीही असाच. आधी एक पेन. मग दिवाळीचा डबा.
मग एका साली पाकीट, आणि घरात फ्रिज.
बर्फ छान व्हायचा.
तब्बिथानं कधी विचारलं नाही,
फक्त थंड पाणी पिणं सोडलं.

यंदा उपवासकाळातला पाचवा बुधवार.
डाळीच्या पेढीवरचा काटा, किलोमागे चाळीस ग्रॅम खोटा.
सैतानाला शिंगं असती तर किती सोपं होतं.
शेठनं माझ्यासाठी चहा बिनसाखरेचा मागवला,
विचारलं, यमीमाचं नर्सिंगचं कुठवर आलं?
फी फार झालीय हो हल्ली.
आणि खण उघडला. तूरडाळीच्या नमुन्याखाली
पाकिटाचा कोपरा.

मी ताडकन नाही म्हणालो, असं लिहायला आवडलं असतं.
मी म्हणालो, जरा जाऊन येतो.
गल्लीच्या टोकाच्या मुतारीत, दोन रुपये देऊन,
फिनेलच्या वासात उभा राहिलो.
प्रार्थना म्हणू लागलो,
ती परीक्षेच्या ओळीशी येऊन अडली.
पुढे आठवेना.

आठवला तो प्रयोगशाळेतला पितळी किलो,
मखमलीच्या खाचेत झोपलेला.
त्याला आम्ही उघड्या हातानं शिवत नाही,
बोटाचा घाम लागला तरी तो बदलतो.
पितळ तेच, बाजारातलंच.
फक्त कुणीतरी रोज त्याला पुसतं, झाकतं.

परत गेलो. काटा सील केला.
तार ओवताना हात इतके थरथरले
की हमालानं टॉर्च धरला.

नंतर कुठे तुतारी वाजली नाही.
रात्री पाकीटच आठवत राहिलं, त्याची जाडीसुद्धा.
मनात दोनदा फी भरूनही झाली.
पहाटे चारला, स्वयंपाकघरातल्या स्टुलाशी गुडघे टेकून
मी स्वतःला उपडं केलं.
भोक आहेच.
तो ओततो शिसं, थोडंसं.
दोन वर्षांची हमी नाही त्याची,
संध्याकाळपर्यंत पुरतं.

काल भायखळ्याच्या पुलाखाली अर्धा किलो पेरू घेतले.
फ्लोरीबाईंनी तोलले, काटा स्थिर झाला,
आणि वर एक पेरू टाकला, पिकलेला.
मी तो काढून ठेवला. म्हटलं, मावशी, मी ड्यूटीवर नसलो तरी...
ती भडकली. म्हणाली, साहेब, ही लाच नाही,
हा वर्तावळा आहे.
माझी आई घालायची, मी घालते,
तुम्ही कोण काढणारे?

कमी मापाची सगळी कलमं मला पाठ आहेत.
जास्त मापावर कायद्यात एकही नाही.
पुलाखाली उभ्यानंच मी तो पेरू खाल्ला,
बिया दातांत अडकल्या,
आणि काय झालं कळेना,
डोळे पुसायला पिशवी खाली ठेवावी लागली.