फटींची मोजणी

शनिवारी सकाळी एडनाबाईंच्या दारात
लाल कापड ताणून पंखा बसवला.
इद्रीस म्हणाला, "जरा गप्प उभे राहा."
घरातली हवा बाहेर उपसली जाऊ लागली
आणि कीथलीचा नोव्हेंबर
जिथून जिथून आत यायचा
तिथून तिथून शिट्टी.

भिंतींना कान असतात म्हणे.
या भिंतींना नाकपुड्या होत्या.

मी धुराची कांडी घेऊन फिरले.
धूर वाकला की खडूनं फुली:
जिन्याखाली, नळाच्या भोकाशी,
खिडकीच्या चौकटीत, जिथून कोंबलेला कागद निघाला,
खाणकामगारांच्या संपाची बातमी.
"रेजनं लावलेला," त्या म्हणाल्या,
आणि अंगातल्या कोटाच्या खिशात घातला.

गल्लीत बावीस घरं. वर्गणी, अर्ज, रुसवे,
हीट पंप कुणाच्या अंगणात गुरगुरणार
यावर दोन रात्री भांडण.
हे अकरावं घर.

मार्चात गॅसचा मीटर निघाला.
भिंतीवर चौकोनी डाग उरला,
देव्हारा हलवल्यासारखा.
इद्रीस म्हणाला, रंग लावून देतो.
एडनाबाई म्हणाल्या, राहू दे.

चहा ठेवायला उठल्या,
आणि जाता जाता, सहज,
कोट काढून खुंटीला टांगला.
खिसा अजून फुगलेला.