दुसऱ्या दिवशीचा चहा

सात बॅगा, दोन तंबू, घडीच्या खुर्च्या
खेचरावर लादून
इद्दर पहाटेच पुढे निघाला होता.

अ‍ॅटलसच्या उतारावर, अक्रोडांखाली
मातीची घरं दिसली
तसे पाहुण्यांनी बूट सैल केले.
तुदानं किटली हातभर उंच धरून
चहा ओतला. पुदिना, फेस,
भट्टीतला पाव, ऑलिव्हचं तेल.
मग दाराकडे न बघताच
काहीतरी बोलली, लांबलचक.

"काय म्हणतेय?"
गाईड हसला. "या, बसा, म्हणतेय."

दाराबाहेर इद्दरनं
खेचराचा तंग आवळला,
आवळलेलाच होता.

छपराला माती लिंपायचीय,
आई म्हणाली होती,
बर्फ पडायच्या आत.
आणि या खेपेला तरी
रात्रीचा थांब.

खिंड अजून चार तास लांब.
खुर्च्या आधी पोचायला हव्या होत्या.