हातचा एक

कॉलेजातली बाई फोनवर म्हणाली, नाव सापडलं.
मार्लिस केटुनेन. तीन सत्रं पूर्ण, चौथं अर्धं.
आणि चारशे अठरा डॉलर बाकी.
ते भरेपर्यंत गुणपत्रिका बाहेर निघत नाही.

म्हणजे अठरा वर्षं ती तिथेच होती,
पार्किंगचे तीन दंड
आणि फुटलेली एक काचेची नळी यांच्यापायी
ओलीस.

नळी आठवते मला.
रसायनांच्या वासाने पोटात ढवळलं, हात सुटला.
सिग्ने तेव्हा दोन महिन्यांची होती,
माझ्या आत. कुणाला सांगितलं नव्हतं अजून.

दर मंगळवारी आणि शुक्रवारी मी डावा हात देते.
चढावरच्या रस्त्याला, बुटांचं दुकान होतं तिथे,
आता खुर्च्या मांडल्यात ओळीने.
रक्त जातं, फिरतं, त्यातलं पिवळं ते ठेवून घेतात,
लाल माझं मला परत.
पहिल्या दिवशी शेजारच्या खुर्चीत ओइवा होता,
आमच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारा.
त्याने मान हलवली. मीही हलवली.
रविवारी आम्ही दोघंही लांब बाह्यांत.

असं करत चारशे अठरा फिटले.
तो तर नुसता उंबरठा. खरी फी पुढेच.

वडिलांची खोपटी विकली,
गोठलेल्या तळ्यावर मासे धरायला
त्यांनी स्वतः ठोकलेली, आत एक शेगडी, दोन बाकं.
दातांच्या डॉक्टरने घेतली. बागेत ठेवणार म्हणाला,
पाहुण्यांना दाखवायला.
नऊशे दिले. घासाघीस नाही केली त्याने,
त्याचंच जास्त लागलं.

खाणकामगार संघटनेची शिष्यवृत्ती आहे,
सभासदांच्या मुलींसाठी, वयाची अट नाही.
पाचशे शब्दांत आपली अडचण मांडा.
मला वाटलं, पाचशेत कुठली मावायला?
लिहायला बसले तर दोनशे साठात संपली.
उरलेल्या जागेसाठी दुःख उसनं आणायची वेळ आली.
रॉयला जरा वाईट रंगवलं.
पण तो वाईट नव्हता हो, तो फक्त निघून गेला.
ती ओळ खोडली.
त्याऐवजी लिहिलं की इस्पितळाच्या धोबीघरात
रात्री अकरा ते सकाळी सात मी चादरींच्या घड्या घालते,
आणि त्या चादरींवर झोपणाऱ्यांची हाडं
मला काळ्या फिल्मवर बघायची आहेत,
कुठे चीर आहे ते सांगायचं आहे.
तरी एकशे दहा शब्द कमीच पडले.
राहू दिले तसेच.

काल रात्री सिग्ने तिचा अर्ज भरत होती.
टेबलावर तिचा लॅपटॉप, माझी बिलं,
मधे मिठाची बरणी, सीमेवर ठेवावी तशी.
बंदरात लोखंड भरलेलं जहाज भोंगा देत होतं,
पूल उचला म्हणून.
घरातून किती जण कॉलेजात जाणार आहेत?
तिने मोठ्याने वाचलं.
मी भांडी घासत होते. एक टाक, म्हटलं.
आधी तुझं मार्गी लागू दे.
माझं काय, इतकी वर्षं थांबलंय.

नळ चालू होता. तिचं बोट थांबलेलं.

लहानपणी याच टेबलावर तिला बेरीज शिकवायचे.
सात नि पाच बारा, दोन खाली, हातचा एक.
ती दर वेळी विसरायची,
आणि मी दर वेळी तिचं बोट दाबून धरायचे:
हा बघ. हा इथे आहे. याला सोडायचं नाही.

कळ दाबल्याचा एकच आवाज आला.
मी वळून पाहिलं. चौकोनात दोन.
"हातचा राहिला होता," ती म्हणाली,
आणि पुढच्या प्रश्नावर गेली.

मी काही बोलले नाही.
हात पुसले, बिलं पुन्हा जुळवून पाहिली.
अजून सहाशे चाळीस कमी आहेत.
उद्या शुक्रवार.