रजिस्टर

दुसऱ्या रेल्वे गेटाच्या अलीकडे, टेलरच्या वर,
टिळकवाडीत माझ्या दोन खोल्या.
सोळा वर्षं फोन मीच घेतला,
तारखा मीच दिल्या,
पावत्या, हेस्कॉमचं बिल, टिश्यूचे डबे, सगळं मीच.

समोर कुणी आपल्या बापाबद्दल बोलत असायचं
आणि डोक्याच्या एका कोपऱ्यात मी हिशेब करत असायची:
वडगावच्या मागवाल्याचे तीन महिने राहिलेत,
आज मागू का?
नाही मागितले कधी.
माणूस डोळे पुसत असताना सहाशे रुपये म्हणायला
जीभ उचलायची नाही.

मग रत्नव्वा अंगडी आली.
टेलिफोन खात्यातून निवृत्त, चष्म्याला दोरी.
मी अटींचा कागद पुढं केला:
नाव बाहेर जाता कामा नये,
कोण आलं, का आलं, घरीसुद्धा बोलायचं नाही.
तिनं तो वाचलाच नाही.
‘बाई, ट्रंककॉलपासनं वायरी जोडल्यात की मी.
अख्ख्या जिल्ह्याचं रडं ह्या हातातनं गेलंय.
पिन घालायची, अन् कान काढून घ्यायचा.’

मागवाल्यानं पुढच्याच आठवड्यात पैसे दिले.
तिनं काय सांगितलं, मी विचारलं नाही.

रजिस्टर ती कन्नडात लिहिते.
मला कन्नड बोलता येतं, भांडता येतं,
वाचताना मात्र बोट लागतं;
मराठी शाळेतली मी,
ती अक्षरं बसच्या पाट्यांवर शिकले.
त्यामुळं आता माणूस आत येण्याआधी
मी त्याचं नाव एकेक अक्षर जुळवते.
म, मग ल्ल, मग प्पा.
पूर्वी माझ्याच हातचं असायचं,
वाचावंच लागायचं नाही.

निपाणीची एक बाई म्हणाली,
‘हितं यायच्या आधीच अर्धं हलकं झालं बघा.
फोनवरच्या अक्कांनी इचारलं,
जेवून निघणार की उपाशीच?’
मला जरा लागलं ते.
मी इतकी वर्षं विचारत होते,
सोमवार चालेल का.

हिरव्या वह्यांच्या कपाटाची किल्ली माझ्याकडेच.
तिनं मागितली नाही.
एकदा फक्त म्हणाली, कुलूप गंजलंय,
आणि खिडकीकडं तोंड करून
तेलाची बाटली माझ्या हातात दिली.

दार बंद असताना
भूकंप झाला तरी टकटक करायची नाही, हा माझा नियम.
एका मंगळवारी साडेपाचला टकटक झाली.
दारात रत्नव्वा, फोनवर तळहात दाबून.
‘खानापूरचा पोरगा.
तारीख मागत नाही तो.’

एवढंच.

समोरच्या बाई आपणहून उठल्या,
पर्स विसरून बाहेर गेल्या.
मी चाळीस मिनिटं त्याच्याशी बोलत राहिले,
पंख्याचा आवाज, त्याचा श्वास,
पुन्हा पंख्याचा आवाज.
तेवढ्यात बाहेर
त्याच्या बहिणीला फोन गेला होता,
ती रिक्षात बसलीही होती.
बहिणीचा नंबर मी कधी घेतला नव्हता.
रत्नव्वानं पहिल्याच दिवशी लिहून ठेवलेला,
नावाखाली, पेन्सिलीनं.

नंतर तिनं एक शब्द विचारला नाही.
थंड झालेला चहा पुन्हा गरम केला, पाच तारखेचं बिल भरून आली.
शुक्रवारी पोरगा आला,
जाताना हेल्मेट विसरला,
गेटावरनं परत आला न्यायला.

काल रजिस्टर चाळताना
गुरुवारी दीड वाजता एक नाव दिसलं,
दर गुरुवारी तेच, महिनाभर पुढंपर्यंत.
मी बोट ठेवून अक्षरं लावत गेले.
निम्म्यावर आल्यावर कळलं, ते माझंच आहे.
‘ह्या कोण?’ म्हटलं.
चष्मा पुसत रत्नव्वा म्हणाली,
‘जेवायला येतात की त्या.
अजून एकदाबी आल्या नाहीत.’