पाणी : मध्यम

आठ वर्षं झाली डब्याला.
डावी बाजू कायमची उघडीच ठेवलीय,
आत गंजाची नक्षी. हर्णैत लोखंड घेतो
तेव्हाच त्यातलं थोडं समुद्राच्या नावावर झालेलं असतं.
कार्डाचा एक पंखा फिरत नाही.
दुसरा फिरतो, पण कुरकुरत,
बर्फाच्या कारखान्यातल्या जुन्या पट्ट्यासारखा.
दर पंधरा दिवसांनी ते उपसून
त्याचे सोनेरी दात खोडरबरने घासायचे,
परत बसवायचं, की दिसायचं परत.
आता तेवढ्यानं भागत नाही.

गेममध्ये मी बेटाबेटांवर माल पोचवतो.
सेटिंगमध्ये लिहिलेलं : पाणी, कमी.
म्हणजे निळी ताडपत्री, इस्त्री केलेली.
रोशन दोरकुळकर दोह्याहून कानात ओरडतो,
"लाट आली, वळव!"
त्याच्या पडद्यावर आलेली असते.
माझी होडी सपाट निळ्यावर
काही कारण नसताना उलटते.

दापोलीत नझीर मुकादमच्या काचेवर तीन खोकी.
पहिलं तीन पंख्यांचं.
"हे घे, पुढची सात वर्षं बघायला नको."
मी खिशातून सुतळी काढली,
डब्यातली जागा जिथं संपते तिथं
घरूनच गाठ मारून आणलेली.
कार्ड गाठीच्या पुढे तीन बोटं गेलं.
"हार्ड डिस्कचा पिंजरा कापू," नझीर म्हणाला
आणि हवेत करवत चालवली.
आणि वीज?
आतला सप्लाय साडेचारशे वॅटचा, तोही लेबलावर.
लेबलाचं काय,
आमच्याकडे चौथ्या दिवसाच्या सुरमईलाही ताजीच म्हणतात.

दुसरं वापरलेलं, निम्म्या किमतीत,
कोल्हापुरात कुणाकडे तरी
दोन वर्षं रात्रंदिवस नाणी खणून आलेलं.
पुसून लख्ख.
मी नाकाशी नेलं. जळका वास नव्हता,
पण कल्ले फिके वाटले.

तिसरं इतकुसं. एक पंखा.
वेगळी वायर मागत नाही,
बोर्डातून मिळेल तेवढ्यावर राहतं.
"हे लोक पोरांच्या प्रोजेक्टला नेतात," नझीर म्हणाला.

काही न घेता वडापला बसलो.

लिलाव उरकून धर्मा पावशे बर्फाला आला.
त्याला काय सांगणार? तरी सांगितलं,
फावड्यानं चुरा ओढता ओढता.
"दोन सिलिंडरच्या होडीला मी सहाचं लावलं होतं," तो म्हणाला.
"सगळ्यांच्या आधी किनाऱ्याला.
तिसऱ्या महिन्यात फळ्या सुटल्या.
इंजिन चांगलं होतं रे. अजून आहे चांगलं.
घरामागे ठेवलंय, कोंबड्या बसतात त्यावर."
दोन लाद्यांचे पैसे दिले, तीन नेल्या.

मला माझा प्रोसेसर आठवला,
एकेक चित्र मोजून पुढे सरकवणारा.
त्याच्या खिडकीशी तीन पंख्यांचं ते धूड
नुसतं ताटकळत उभं राहिलं असतं.

शनिवारी इतकुसं घेऊन आलो.
उरलेल्यात एक स्टॅबिलायझर,
कारण डीपी उडायला आमच्याकडे वादळ लागत नाही,
वाडीत दोन लग्नं पुरतात.
ड्रायव्हर उतरायला दीड तास.
पाणी : उच्च केलं, होडी धापा टाकायला लागली.
मध्यमला चालली.

फेस जरा जास्तच पांढरा, साबणाचा.
पण लाट. तिला पाठ होती, पोट होतं,
येण्याआधी ती थोडी वाकत होती.
"वळव!" रोशन ओरडला.
मी वळून झालो होतो.
दोह्यात क्षणभर शांतता. मग,
"घेतलंस होय?"

धर्माला बोलावून दाखवलं.
खुर्चीत बसला नाही. चष्मा कपाळावर चढवून
उभ्यानंच बघत राहिला.
खरा बाहेर होता, काळोखात, आवाजापुरता.
कोपऱ्यातल्या होकायंत्रावर त्यानं बोट टेकवलं.
"लाट पश्चिमेनं येतेय.
आणि बावटा पश्चिमेकडेच उडतोय.
असं पाणी मी एकदाच बघितलंय."
कधी, ते सांगितलं नाही.
मग खाली वाकून, हळूच,
"यातून माणूस परत कसा आणतात?"
"एफ नऊ," मी म्हणालो.
त्यानं चष्मा खाली घेतला
आणि ते बटण नीट बघून ठेवलं.