तिसऱ्या मागाचा पिकर

अल्बमचं नाव ठरायला जितके दिवस गेले
त्याच्या आत इरण्णाचं लग्न ठरलं.
आम्ही चौघं, उधारीचा एक माइक,
आणि साखर पेठेमागची शेड:
श्रावंतीच्या काकाचे सहा माग, त्यातले दोन बंद.
बंद मागांच्या मधली जागा आमची.

आवाज घुमू नये म्हणून भिंतींना चादरी टांगल्या,
सगळा डागी माल,
किनार सुटलेला, मोराची मान चुकलेला.
एका चादरीवर अर्धाच वाघ.
मे महिना. पंखा लावला की पंखा रेकॉर्ड होतो,
बंद केला की बोटं तारेवरून घसरतात.
आणि नळाला पाणी पाचव्या दिवशी.
दुसरं कडवं चालू असतानाच पाणी आलं,
श्रावंती उठून गेली, सात घागरी भरल्या,
परत येऊन धापा टाकत गायली.
तोच टेक ठेवला.

माग रात्री अकराला थांबतात, असं काका म्हणाला होता.
ऑर्डर आली. थांबले नाहीत.
सोळा रात्री आम्ही भिंतीला टेकून
कडक भाकरी, शेंगाचटणी खात वाट पाहिली.
सतराव्या रात्री मेहजबीन म्हणाली,
चालू दे.
तिनं कीबोर्ड त्या खटखटीत असा सरकवला
जसं भरल्या पंगतीत कुणी
दोन मांड्यांमध्ये पाट सारून बसतं.

ते चौथं गाणं.
टॉवेलच्या कारखान्यात टॅग लावणारी मुलगी
टॅगवरच्या परक्या गावांची नावं पाठ करते.
श्रावंती म्हणायची, माझ्यावर नाही हं ते.
तिच्या बोटांच्या टोकांना तेव्हाही गोंद होता.

मुखपृष्ठावर अर्धा वाघ.
पहिल्या आठवड्यात अल्बम दोनशे अकरा वेळा वाजला,
त्यात साठेक वेळा विजापुरात,
इरण्णाच्या होणाऱ्या बायकोकडे.
माझ्या वडिलांनी पहिलं गाणं पूर्ण ऐकलं,
दुसरं लागल्यावर विचारलं, हे तेच का?
काका म्हणाला, चांगलंय,
पण आमच्या मागांचा आवाज जास्त झाला का रे?
आणि पुण्याच्या एका समीक्षकानं लिहिलं:
'दर अकराव्या ठोक्याला किंचित मागे पडणारा
हा लंगडा ठेका
म्हणजे जाणीवपूर्वक रचलेली श्रमाची कविता.'
आठवडाभर ते वाक्य आम्ही एकमेकांना पाठवत होतो.
जाणीव नेमकी कुणाची, हे कुणीच काढलं नाही.

मग राजेशम जॉबर.
चाळीस वर्षं माग दुरुस्त करून
उजवा कान गेलेला.
अशोक चौकात, चहाच्या गाड्यावर,
फोन डाव्या कानाला लावून, डोळे मिटून उभा.
श्रावंतीला वाटलं, रडतोय.
गाणं संपलं. पुन्हा लाव म्हणाला.
पुन्हा संपलं.
'काय बे, हा तिसरा माग ना?
पिकर झिजलाय त्याचा. धोटा उशिरा पोचतोय.
इतके दिवस ऐकताय, सांगायचं नाही?'
पोरगी बरी गाते, असंही म्हणाला,
पण ते नंतर, पिशवीत पाना शोधताना.
दुसऱ्या दिवशी सकाळी पिकर बदलला.

आमच्या अल्बममुळं जगात झालेला
एवढा एकच बदल मला पुराव्यानिशी माहीत आहे.

आता पार्क चौकाजवळच्या हॉलमध्ये
साठ खुर्च्या, पस्तीस माणसं,
आणि कुणीतरी मागून ओरडतं: मागवालं गाणं!
शेडमध्ये जाऊन नव्यानं आवाज घेऊन आलोय,
पण तिसरा माग आता सरळ चालतो,
तेल लावून भांग पाडलेल्या पोरासारखा.
म्हणून इरण्णानं ठोके स्वतः मोजायचे ठरवलंय.
कधी दहाव्यालाच लंगडतो,
कधी बाराव्यापर्यंत विसरतो,
बायको पहिल्या रांगेतून बोटं दाखवते.

शेवटच्या रांगेत राजेशम,
डावा कान आमच्याकडं केलेला.
प्रत्येक चुकीला मान हलवतो
आणि खिशातला पाना चाचपतो.