माया

जनकगंजच्या उतारावर, गिरणीला खेटून
माझं फॉल-पिकोचं दुकान. पाटीवर नाव ह्यांचं,
मशीनवर पाय माझे.

भिंतीला डबे. हुक, टिचबटणं, रिळं,
आणि सगळ्यात खाली, पिठाची धूळ बसते तिथे,
पाच डबे, ज्यांत शिवणाचं काही नाही.

मोतिया झाकणाचा मिथलेशचा.
सासूचं नाक असं, की गोळ्यांचं पाकीट
गादीखालून निघालं, तांदळातून निघालं,
शेवटी पोथीच्या पुठ्ठ्यातूनही निघालं.
तेव्हा ती माझ्याकडे आली, ब्लाऊजपीस पुढे करून,
आणि ब्लाऊजबद्दल एक शब्द बोलली नाही.

जांभळा नसरीनचा. नवरा वाईट नाही,
मारत नाही, पगार हातात देतो,
फक्त विचारलं की म्हणतो, देखेंगे.
देखेंगे देखेंगेत तीन झाले.
हिरवा उल्काचा. ती आमच्यातली, बी.एड. झालेली;
माझ्याशी मराठीत कुजबुजते,
जसं काही लष्करात मराठी कोणाला कळतच नाही.

पाकिटं लोंगश्री पोचवते, वस्तीची आशा.
आधी रविवार आणि बुधवार, तीन महिने सरले की नुसता रविवार.
दुपारी दोनला. गिरणी चालू असते, कोणाचं कोणाला ऐकू येत नाही.
काकी, मॅचिंगचा धागा?
मी डबा काढते. माठातलं पाणी देते.
साडी कोणाच्याच हातात नसते.
एवढा धागा ह्या गल्लीत लागतो कुठे,
हे एकाही पुरुषानं आजवर विचारलेलं नाही.

थंडीत सर्वेवाली आली होती.
दारातच उभी राहून तिनं मिथलेशला विचारलं,
मूल आणखी हवंय? नको.
मग काही वापरता?
मागे सासू मटार सोलत होती.
नाही, म्हणाली मिथलेश.
बोटानं एक खूण झाली, बाई पुढच्या दारी गेली.
त्या खुणेवर मी रात्री एकटीच हसले.
हसायला नको होतं. पुढच्या दारी कुसमाही तेच म्हणाली होती,
आणि ती खरं बोलत होती.

कुसमाचा नवरा सुरतेला, साड्यांच्या कारखान्यात.
दिवाळीला आठ दिवस येतो.
आठ दिवसांसाठी वर्षभर कोण गोळ्या खाईल, काकी,
असं एकदा सहज बोलून गेली.
माझ्या दातांत दोरा होता.
मी हं म्हटलं. नुसतं हं.

कारखाना बंद पडला. तो माघात आला, न कळवता.

परवा ती आली, खरेच ब्लाऊज घेऊन. दोन.
धाकटा कडेवर, त्याला अजून नीट उभं राहता येत नाही.
थोड़े ढीले कर दो.
मी तोंडाकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर रडली असती,
किंवा मी.

उसवायला बसले. शिवताना मी दीड इंच माया सोडतेच,
बाईचं अंग आहे, पुढे लागतं.
सासूबाईंची शिकवण. त्यांची बाळंतपणं अकरा,
सोडलेली माया कधी पुरली नाही.
टाके निघाले, आतली पट्टी उलगडली.
बाहेर विटून गेलेलं कापड, आत
अजून गर्द राणी,
ताग्यावरून फाडलं त्या दिवसासारखं.

रात्री टिचबटणांचा एक डबा रिकामा केला.
बटणं ओंजळभर, कागदात बांधली.
झाकणाला रंग कुठला लावावा, ते सुचेना.

न्यायला आली तेव्हा शिलाईचे पैसे घेतले,
नाहीतर तिनं ओळखलं असतं.
म्हटलं, मोकळी झालीस की ये. धागा न्यायला.
ती म्हणाली, काकी, मेरे पास तो साड़ी ही दो हैं.
मी काही बोलणार,
तर गिरणी सुरू झाली.